मी न दाबलेलं बटण

संपादकबाई म्हणाल्या, "शैलाताई, इतकी वर्षं वेबसाइटी करताय, गमतीजमती लिहा ना दिवाळी अंकासाठी." आता गमती आहेत, नाही कशाला म्हणू? थोड्या सांगतेही. पण या धंद्यानं मला सगळ्यांत जास्त काय दिलं असं कुणी विचारलं, तर मी सांगीन, भीती दिली. आणि ती कुठून आली हे सांगितल्याशिवाय नुसत्या गमती सांगणं म्हणजे लोकांना अर्धं जेवण वाढून उठवण्यासारखं होईल.

मी शिकले ती एक्कावन्नाव्या वर्षी. आमचे हे बाजव्याजवळ रिफायनरीत होते. शिफ्ट, शिफ्ट आणि शिफ्ट. निवृत्त झाले तेव्हा घरात कॉम्प्युटर आणला आणि त्यावर पत्ते खेळायला लागले. दुपारी ते आडवे झाले की कॉम्प्युटर माझा. तोवर मी बडोद्यातल्या निम्म्या मराठी बायकांचे ब्लाउज शिवलेले. चांगला ब्लाउज हातात आला की उसवून आतला बेत बघायचा, ही माझी जुनी खोड. एक दिवस कळलं, की वेबसाइटचं पानसुद्धा असं उसवून बघता येतं. एक कळ दाबली की आतली सगळी शिवण समोर. मग काय! कुठल्या क्लासला गेले नाही, कुणी गुरू केला नाही. चांगली पानं उसवली, बेत बघितला, स्वतःची बेतली. बिघडली, पुन्हा बेतली.

पहिली गिऱ्हाइकं ओळखीतलीच. सयाजीगंजात गणिताची शिकवणी घेणारे एक सर होते. मी त्यांना पान दाखवायला गेले, तर ते म्हणाले, "असं नाही, छापून आणा." छापून नेलं. त्यांनी लाल पेन काढलं, बाजूला समास आखला आणि माझ्या वेबसाइटला दहापैकी साडेसहा गुण दिले. एक लीला चेवडावाले, म्हणजे बडोद्याचा तो ओला चिवडा विकणारे, शेठ होते. त्यांनी स्क्रीनजवळ नाक नेलं आणि तोंड वाकडं करून म्हणाले, "बेन, आमां सुगंध क्यां छे?" मी म्हटलं, "शेठ, सुगंध तुमच्या दुकानात, मी फक्त रस्ता दाखवते." त्यांना ते इतकं आवडलं, की पाटीखाली तेच वाक्य घालायला लावलं.

पण बघा, ब्लाउज शिवला की बाई आरशासमोर उभी राहते, तिच्या चेहऱ्यावर कळतं. दुकानातून गिऱ्हाईक परत गेलं तर शेठला निदान त्याची पाठ दिसते. माझ्या कामात कोण आलं, कोण रिकाम्या हातानं परत गेलं, त्याची पाठसुद्धा दिसत नाही. ही पहिली भीती. बाकीच्या भित्या हिच्याच लेकी.

आता आमच्या कामातली एक रीत सांगते. गिऱ्हाईक कधीही सगळी माहिती एकदम देत नाही. फोटो मंगळवारी, पत्ता पुढच्या आठवड्यात, फोन नंबर "बेन, नक्की करून सांगतो." तोवर पान रिकामं ठेवलं तर त्याचा आकार कळत नाही. म्हणून आम्ही तात्पुरता मजकूर भरतो. कच्ची टीप घालतात ना, तसं. नंतर उसवायची आणि पक्की घालायची. मी फोटोच्या जागी आमच्या बाल्कनीतली तुळस घालायची आणि फोनच्या जागी मनाला येईल तो दहा आकडी नंबर.

तर नवरात्रात चणियाचोळ्या भाड्यानं देणाऱ्या एका बाईंच्या साइटवर तो मनाला आलेला नंबर तसाच राहिला. निघाला तो आणंदच्या एका गृहस्थाचा. चार दिवस त्या बिचाऱ्याला बायका फोन करून विचारत होत्या, "बेचाळीसची कंबर आहे का?" पाचव्या दिवशी त्यानं मला शोधून काढलं आणि असा ओरडला की फोन कानापासून लांब धरून ऐकावा लागला. शेवटी म्हणाला, "मारी घरवाळी मने पूछे छे, आ बधी कोण छे?" माफी मागितली. फोन ठेवल्यावर हसले, पण आधी तो नंबर काढला. त्याच दिवशी ठरवलं, इथून पुढे तात्पुरता नंबर असा घालायचा की कुणालाही त्रास होता कामा नये.

असा एकच नंबर मला माहीत होता. ह्यांचा.

हे जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. त्यांचा साधा बटणांचा फोन मी माझ्या कामाच्या टेबलाच्या खणात ठेवला होता. दर शनिवारी चार्ज करायचा, वेळच्या वेळी रिचार्ज मारायचा. शेजारच्या पुष्पाबेन म्हणायच्या, "कशाला गं?" कशाला ते सांगते. रिचार्ज नाही केला की कंपनी तो नंबर दुसऱ्याला देते. आणि माझ्या फोनमध्ये तो नंबर अजून होता. आमच्या पिढीत नवऱ्याचं नाव घ्यायची सवय नाही, म्हणून मी नुसतं 'हे' असं लिहून साठवला होता. कधी चुकून त्यावर बोट पडलं आणि पलीकडून भलताच कुणी "हॅलो" म्हणाला तर? ती कल्पनाच मला सहन व्हायची नाही. म्हणून फोन चालू. पण आवाज बंद, थरथरही बंद. गेल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात त्यांच्या एका जुन्या शिफ्टवाल्या मित्राचा फोन आला होता, "काय अरविंदराव, कुठं गायब?" आणि मला सांगावं लागलं होतं. त्यानंतर मी त्या फोनकडे बघणंच सोडलं. शनिवारी वायर लावताना 'मिस्ड कॉल' असं दिसायचं. असतील कर्जवाले, म्हणायचे आणि खण लावायचे.

इथवर ध्यानात आलं ना? आता भरतभाईंकडे वळते.

भरतभाईंचं युनिव्हर्सिटीजवळ झेरॉक्सचं दुकान. काउंटरखाली पोरांचे प्रबंध आणि त्या प्रबंधांशेजारी एक लांब लोखंडी आकडा आणि जाड कापडाची थैली. कारण भरतभाई साप पकडतात. कुणाच्या बाथरूममध्ये, कुणाच्या स्कूटरच्या डिकीत साप निघाला की दुकान बायकोवर सोपवून निघतात, पकडतात आणि वनखात्याला कळवून लांब सोडून येतात. फुकट. माझ्याकडे आले ते गुढीपाडव्याच्या सुमारास. म्हणाले, "शैलाबेन, लोकांकडे माझा नंबरच नसतो. चार जणांना विचारतात, तोवर कुणीतरी काठी घेऊन येतो. साप मरतो, नाहीतर माणूस चावून घेतो. मने एक मोटुं बटन बनावी आपो. दबाव्युं के मने फोन."

मोठं लाल बटण केलं मी. मराठी, गुजराती, हिंदी, तिन्ही भाषांत: साप दिसला? घाबरू नका. इथे दाबा. खाली बारीक अक्षरात त्यांचा नंबरही. भरतभाई इतके खूश, की ती साइट उघडणाऱ्या चौकोनी ठिपक्यांच्या कोडची पत्रकं त्यांनी स्वतःच्या मशीनवर शेकड्यानं छापली. शहरात चिकटवली, डभोईच्या बस स्टँडवर चिकटवली, वाटेतल्या गावांत दूध डेअरीच्या भिंतींवर चिकटवली.

पावसाचे दिवस सुरू झाले, श्रावण लागला. एक दिवस दुपारी भरतभाई काही फोटो द्यायला घरी आले. चहा घेता घेता म्हणाले, "बेन, वेबसाइट तो बहु सरस. पण साप बधा रजा पर गया छे के शुं? या दिवसांत मला जेवायला फुरसत नसते. यंदा जुने ओळखीचे तेवढे फोन करतात. नवा माणूस कुणी नाही."

"लोक शहाणे झाले असतील," मी म्हटलं.

"हा, ए पण होय," म्हणाले आणि गेले.

मी कपबशी विसळली. विसळता विसळता त्यांचं ते वाक्य परत कानात आलं: नवा माणूस कुणी नाही. टेबलाशी येऊन साइट उघडली. कॉम्प्युटरवर नंबर बरोबर दिसत होता. एकेक आकडा बोट ठेवून वाचला. बरोबर. मग मला एक गोष्ट आठवली, की ते लाल बटण मी कधी दाबूनच पाहिलं नव्हतं. दाबलं तर भरतभाईंना फोन लागणार, ते बिचारे आकडा घेऊन स्कूटरला लाथ मारणार, उगाच कशाला त्रास, म्हणून.

माझा मोबाइल घेतला. साइट उघडली. बटण दाबलं.

स्क्रीनवर नाव आलं: हे.

आणि माझ्या पोटाशी, टेबलाच्या खणाच्या फटीतून उजेड आला.

मी फोन कापला नाही. कापताच येईना. खण ओढला. तो छोटा फोन पेटला होता. ना आवाज, ना थरथर, नुसता उजेड. रिंग संपली तसा विझला. खाली लिहून आलं, मिस्ड कॉल.

काय झालं होतं ते साध्या भाषेत सांगते. दारावर नावाची पाटी असते आणि शेजारी बेलचं बटण असतं. नवा भाडेकरू आला, मी पाटी बदलली. पण बेलची वायर जुन्या बिऱ्हाडातच राहिली. वाचणाऱ्याला नाव बरोबर दिसतं, बेल मात्र भलत्याच घरात वाजते. वरचा नंबर मी पक्का घातला होता, बटणाच्या आतली कच्ची टीप उसवायची राहिली होती. इथे तर बेल वाजतही नव्हती. चार महिने लोक साप बघून ते बटण दाबत होते, आणि मी त्याच टेबलावर कोपरं टेकून दुसऱ्यांच्या वेबसाइटी करत बसले होते.

चूक दुरुस्त करायला दोन मिनिटं लागली. खरं सांगते, दुरुस्त झाल्यावर पहिला विचार काय आला? आला की, आता कुणाला कळणार? भरतभाईंना उद्यापासून फोन सुरू होतील. म्हणतील, साप रजेवरून आले. लिहायला लाज वाटते, पण तो विचार चांगला पाचेक मिनिटं माझ्या घरात ठाण मांडून बसला होता.

मग मी तो फोन हातात घेतला आणि यादी उघडली. जुन्या साध्या फोनची एक गंमत असते. गंमत कसली म्हणा, त्याला फक्त शेवटचे वीसच कॉल आठवतात. एकविसावा आला की पहिला पुसला जातो. एक माझाच होता. उरले एकोणीस. त्यांच्या आधी किती होते ते कुणालाही कधी कळणार नाही.

वहीत नंबर उतरवून घेतले. पाणी प्यायले. आणि एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. काय बोलायचं? "तुम्ही मागे सापासाठी फोन केला होता का? मी... मी त्या वेबसाइटवाली. सगळे बरे आहात ना?"

पाच जण खरंच कर्जवाले होते. मांजलपूरच्या एका बाई म्हणाल्या, "अहो, तो केव्हाच निघून गेला, आमचं मांजर मागे लागलं होतं." कारेलीबागेतल्या एका काकांनी विचारलं, "तुम्ही आत्ता येताय? मी दोन आठवडे गॅलरीचं दार उघडलेलं नाही!" एका सोसायटीचा वॉचमन शांतपणे म्हणाला, "मारी नाख्यो, बेन. कोई ना आव्युं तो शुं करूं?" त्या मारून टाकलेल्या सापाचा फोटोही त्यानं पाठवला. नुसती धामण होती, बिनविषारी. प्रत्येक वेळी पलीकडून जिवंत आवाज आला की मी देवाला नमस्कार करायची. एका माणसानं नीट शिव्या दिल्या. त्या ऐकून घेतल्यावर उलट बरं वाटलं.

असं करत करत यादी संपत आली आणि मी ज्याच्याकडे बघायचं टाळत होते त्याच्याशी आले. यादीत एकच नंबर सात वेळा होता. एकाच दुपारी, दहा दिवसांपूर्वी. पहिला कॉल आणि सातवा कॉल, मध्ये वीस मिनिटं.

मांजर पळवून लावेल अशा सापासाठी कुणी सात वेळा फोन करत नाही.

लावला. बंद. तासाभरानं लावला. बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी, बंद. माझ्या मोबाइलमध्ये नाव दाखवणारं ॲप आहे, त्यात टाकलं. आमच्याकडे लोक नावापुढे धंदा आणि गाव लिहून साठवतात. आलं: हंसाबेन फॉल बीडिंग डभोई. म्हणजे साड्यांना फॉल लावून देणारी बाई. माझ्याच जातकुळीतली, सुईदोऱ्यातली. नाव नव्हतं तोवर तो एक नंबर होता. आता ती हंसाबेन झाली आणि माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. कुंकू लावून, सुई तोंडात धरून बसलेली दिसायची, आणि फोन बंद.

भरतभाईंच्या दुकानात गेले. ते कुणाचा तरी प्रबंध झेरॉक्स करत होते. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मशीनची पट्टी हिरवा उजेड टाकत इकडून तिकडे जात होती, पानं पडत होती. त्यांनी ढीग पुरा होऊ दिला. मग मशीन बंद केलं.

"किती?" त्यांनी विचारलं.

"एकोणीस. कर्जवाले पाच."

"एकोणीसच?"

"फोनला तेवढेच आठवतात, भरतभाई."

त्यांनी पानांचा ढीग ठोकून सरळ केला. मग म्हणाले, "वेबसाइट बनावो छो ने बटन दबावता नथी? शैलाबेन, आ तो एवुं थयुं के हुं साप पकडुं ने थेलीने गांठ ना मारुं."

बरोबरच होतं. मान खाली घालून उभी राहिले. त्यांनी काउंटरखालून आकडा आणि थैली काढली, बायकोला हाक मारली आणि मला म्हणाले, "चला डभोई. बंद फोनला किती वेळ नमस्कार करणार?"

बसमध्ये त्यांनी मला एकदाच काहीतरी सांगितलं. "चावल्याचा फोन आला ना, की मी जातच नाही. जाऊन काय करणार? मी फोनवरच सांगतो, साप सोडा, काही बांधू नका, कापू नका, हात हलवू नका आणि सरळ मोठ्या दवाखान्यात पळा. ते एवढं वाक्य सांगायलाच माझा नंबर." मग खिडकीबाहेर बघत बसले. मी त्या वाक्याचे शब्द मोजत होते. दहा-पंधरा शब्द. ते सात वेळा कुणीतरी मागितले होते.

डभोईला जुन्या वेशीजवळ साड्यांच्या दुकानांची रांग आहे. पहिल्याच दुकानात विचारलं, "फॉल लावणाऱ्या हंसाबेन कुठे राहतात?"

दुकानदार घडी घालता घालता म्हणाला, "हंसाबेन? ए तो हवे काम नथी करती."

आता काम करत नाही, म्हणजे? मी गादीच्या कडेला बसले. भरतभाईंनी विचारलं, "केम?"

"हाथ," तो म्हणाला. "साप करड्यो ने. घेर ज छे, पाछळनी गलीमां."

घरीच आहे. घरीच आहे! त्या गल्लीत मी कशी पोचले, आठवत नाही.

हंसाबेन पंचेचाळिशीच्या असतील. दारातच खाटेवर बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर, त्यावर पातळ पट्टी, आणि दोन बोटं वाळक्या शेंगेसारखी ताठ. समोर एक साडी पसरलेली आणि डाव्या हातात सुई. डाव्या हातानं त्या टाके घालून बघत होत्या. टाके लहान मुलाच्या अक्षरासारखे, वरखाली.

भरतभाईंनी ओळख सांगितली. त्यांनी आतून पाणी मागवलं. पाणी हातात घेतलं आणि पिण्याआधीच मी बोलून टाकलं. पाटी, बेल, वायर, सगळं. माझं गुजराती घाईत मोडकं होतं, मध्ये मध्ये मराठी येत होतं. त्या ऐकत होत्या. सुई साडीत खोचून ठेवली.

मग त्यांनी त्यांची बाजू सांगितली, जणू दुसऱ्या कुणाची गोष्ट. चुलीसाठी सरपण काढताना चावला. घरात एकट्या. डेअरीच्या भिंतीवरचा कागद सुनेनं फोनमध्ये घालून ठेवला होता, म्हणून बटण दाबलं. शेजारणीनं परकराची नाडी काढून मनगट करकचून आवळलं. त्या फोन लावत राहिल्या. मग कुणीतरी भुव्याकडे, म्हणजे मंत्र घालणाऱ्याकडे नेलं. दवाखान्यात पोचल्या तेव्हा दोन तास होऊन गेले होते. विष उतरलं. नाडीनं आवळलेल्या हाताची दोन बोटं मात्र परत आली नाहीत. फोन त्या गडबडीत पाण्याच्या पिंपात पडला.

"बंद आवतो होत ने," त्या म्हणाल्या, "तर मी लगेच उठून निघाले असते. पण रिंग जती हती, बेन. रिंग जाते म्हणजे कुणीतरी आहे. आत्ता उचलेल, आत्ता उचलेल, म्हणून मी बसून राहिले."

हातातला पेला मी खाली ठेवला.

"कोनो फोन हतो?" हंसाबेननी विचारलं.

"माझ्या मालकांचा."

"एमणे केम ना उपाड्यो?"

"ते नाहीत. तीन वर्षं झाली."

त्यांनी माझ्या कपाळाकडे बघितलं, गळ्याकडे बघितलं. बायका बघतात तसं. रागावतील, रडतील, मला हाकलतील, सगळ्याची तयारी करून मी आले होते. त्या एवढंच म्हणाल्या, "तो कां बंद करो, कां उपाडो. खाली रिंग ना जवा दो."

एकतर बंद करा, नाहीतर उचला. नुसती रिंग जाऊ देऊ नका.

निघताना मी त्यांची साडी मागितली. "द्या, एवढा फॉल मी लावून देते." त्यांनी दिली नाही. म्हणाल्या, "रहेवा दो. मारे शिखवुं छे." त्यांना शिकायचं होतं, डाव्या हातानं. मी डभोईला गेले की त्यांच्याकडे जाते. आता टाके सरळ येतात त्यांचे, पण पूर्वी दिवसाला बारा साड्या व्हायच्या, आता तीन. याची भरपाई कशानं होते ते मला कुणी सांगितलेलं नाही.

घरी आल्यावर मी आजवर केलेली प्रत्येक साइट उघडली आणि प्रत्येकीचं प्रत्येक बटण दाबलं. एक्केचाळीस साइटी. दोन ठिकाणी पुन्हा 'हे' आले. एक डब्यांची सेवा, एक तबल्याचा क्लास. तिथे कुणाचं काही वाईट झालेलं नसावं. नसावं म्हणते, माहीत नाही. आता कुणी नवा मुलगा-मुलगी हे काम शिकायला विचारतं तेव्हा मी रंग आणि अक्षरं यांबद्दल काही बोलत नाही. म्हणते, बाळा, दाबून बघ. लोकांना त्रास होईल म्हणून नको थांबूस. होऊ दे थोडा त्रास.

फोन मी बंद करू शकले असते. हंसाबेननी दोन्ही वाटा दिल्या होत्या. पण ज्यांनी एकदा बटण दाबलं त्यांच्या मोबाइलमध्ये तो नंबर 'सापवाला' म्हणून साठवलेला आहे, आणि त्यांनी तो भावाला, भाच्याला दिला आहे. साइट मी सुधारली, लोकांचे मोबाइल मला सुधारता येत नाहीत. म्हणून ह्यांचा फोन आता खणात नसतो. टेबलावर असतो, स्वयंपाक करताना ओट्यावर असतो, देवळात जाताना पिशवीत असतो. आवाज शेवटच्या रेषेपर्यंत वाढवलेला. भरतभाईंनी मला ते वाक्य पाठ करायला लावलं आहे, रोज म्हणवून घेतलं शाळेतल्यासारखं. साप असेल तर लांब उभे राहा, एकानं नजर ठेवा, हा भरतभाईंचा नंबर घ्या. चावला असेल तर बांधू नका, कापू नका, हात हलवू नका, दवाखान्यात पळा. आत्ता. फोन ठेवा आणि निघा.

परवा दुपारी पोळ्या लाटताना वाजला. पिठाच्या हातानंच उचलला. एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, "अरविंदजी बोलताय का?"

"ते नाहीत," मी म्हटलं. "वारले. तुमच्याकडे साप निघालाय का?"

"जी? नाही मॅडम, आपल्यासाठी कर्जाची एक खास..."

"साप नाही ना? मग ठेवा बाई, लाइन मोकळी हवीय."

ठेवल्यावर लक्षात आलं, की 'वारले' हा शब्द मी पहिल्यांदाच न अडखळता म्हटला होता.

भीती गेली का? नाही. त्या एकोणिसांच्या आधी यादीतून पुसले गेलेले कोण होते, ते रोज एकदा तरी मनात येतं. बहुतेक दुपारी, घर शांत असतं तेव्हा. त्यांना मी कधीच परत फोन करू शकणार नाही. मला एवढंच करता येतं, की तो फोन वाजला, मग हातात कणीक असो, पूजेचं ताट असो की कुणाची वेबसाइट, दुसरी रिंग मी जाऊ देत नाही.